बोअरचं पाणी आणि तापलेली पद्मिनी

जळकोटचा उन्हाळा, जुनी प्रीमियर पद्मिनी आणि बॉनेटमधून वाफ. सगळ्यांचा संशय पंख्यावर, माझा पाण्यावर. मराठवाड्यातलं बोअरचं पाणी बहुधा जड, क्षारांचं. न्हाणीतल्या बंबात धरतो तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि तांब्याच्या शंभराव्या हिश्शाइतकीही उष्णता पुढे जाऊ देत नाही. शिवाय कुर्ल्यात बनलेल्या या १,०८९ सीसी गाडीचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो; उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगलात की तोही मंदावतो.

झाकण मात्र लगेच उघडू नका. कुकरसारखंच आत दाबाखाली शंभर अंशांवर तापलेलं पाणी उसळून तोंडावर येतं. तासभर थांबा. मग रेडिएटर धुऊन घ्या, पट्टा तपासा, डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळून भरा. थर्मोस्टॅट काढून फेकायचा गॅरेजी उपाय मला पटत नाही.