रेवाल

संपादकांना हवा होता कोटीचा घोडा. दर डिसेंबरात सारंगखेड्याहून तशी बातमी येतेच: अमुक घोड्याला इतक्या लाखांची मागणी, मालकाचा विकायला नकार. तो घोडा मी पाहिला. उंच, काळाभोर, सावलीसाठी त्याच्या डोक्यावर शामियाना आणि भोवती मोबाईल उंचावलेली गर्दी. बातमीपुरतं टिपण झालं आणि मी नदीच्या बाजूच्या मैदानाकडे वळलो. तिथे रेवाल चालीच्या फेऱ्या सुरू होत्या. उरलेला मुक्काम मग तिथेच गेला.

सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर. दोंडाईचा स्टेशनला उतरून शहाद्याच्या रस्त्याला लागलं की पूल ओलांडताच गाव लागतं. एकमुखी दत्ताचं देऊळ, दत्तजयंतीची जत्रा आणि जत्रेसोबत घोडेबाजार. बाजाराला तीनशेहून अधिक वर्षं झाल्याचं गावात सांगतात. अलीकडे त्याला चेतक फेस्टिव्हलचं रूप आलं, तंबू आले, सौंदर्यस्पर्धा आल्या. मला मात्र ही जत्रा एका हंगामातला मुक्काम म्हणून जास्त कळली. दिवाळीला अकलूज, कार्तिकी पौर्णिमेला पुष्कर, मार्गशीर्ष पौर्णिमेला सारंगखेडा, तिथून पंधरवड्यानं नांदेडकडे माळेगावचा खंडोबा. तिथीवर बेतलेला हा फेरा बरेच घोडेवाले आणि सवार ट्रकनं पुरा करतात.

घोड्यांची मोठी दुनिया मुंबईत, महालक्ष्मी रेसकोर्सवर आहे. तिथे 1943 पासून इंडियन डर्बी होते. वंशावळ नोंदलेले थरोब्रेड, परवानाधारक जॉकी, फोटोवरून ठरणारा निकाल. सारंगखेड्याला मारवाडी आणि काठेवाडी जनावरं, रंगाखुणांनी नुकरे, पंचकल्याणी, अबलख. इथला सवार त्या दुनियेच्या कागदावर कुठेच नाही. पण तो जी रेवाल चाल काढून घेतो ती महालक्ष्मीला कोणी काढत नाही, कारण तिथे वेगाशिवाय दुसऱ्या कशाला किंमत नाही.

दुडकीत घोड्याचे तिरपे पाय जोडीनं पडतात: पुढचा उजवा आणि मागचा डावा. त्यामुळे पाठ वरखाली होते आणि नवशिक्याचं कंबरडं मोडतं. रेवालीत एका कुशीचे दोन्ही पाय सोबत निघतात, मग दुसऱ्या कुशीचे. वेग चांगलाच असतो, पण पाठीला उसळी नसते. सवाराच्या हातातल्या भरल्या पेल्यातलं पाणी सांडू नये, ही तिची जुनी कसोटी. दिवसभराची मजल मारायची तर अशीच चाल हवी. मोटारी नव्हत्या तेव्हा रेवाल घोड्याला जो भाव होता तो याच आरामाचा.

आइसलँडच्या घोड्यांतही अशी एका कुशीची चाल असते. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी 2012 साली तिच्यामागचा एक जनुकीय बदल शोधून काढला. म्हणजे रक्तात असावं लागतं हे खरं. पण रक्तात असलेलं बाहेर काढायला सवार लागतो, आणि ते मी इथे जवळून पाहिलं.

पन्नाशीचा, अंगानं सडपातळ असा एक सवार कुमैत रंगाच्या घोडीला फेरी देत होता. त्याचं सगळं काम मनगटात. लगाम ताणलेला नाही आणि सैलही नाही. घोडीचं तोंड किंचित वर, टाचा पोटाला जेमतेम लागलेल्या. वळणावर घोडीचा कान मागे गेला. त्यानं दोन बोटं आवळली, कमरेचा भार तसूभर मागे घेतला आणि तिच्या खुरांची लय जागेवर आली. स्पर्धेत घोडा चाल मोडून दौडला की बाद. म्हणजे जनावराला पळायचं असतं आणि सवाराला त्याला पळण्याच्या अगदी काठावर धरून ठेवायचं असतं. उतरल्यावर त्यानं एवढंच सांगितलं, "दादा, घोडा पयना का खेळ खपना." घोडा पळाला की खेळ संपला. एका बाजूचे दोन पाय दोरानं बांधून चाल शिकवणारेही आहेत. त्याला ते पसंत नाही; बांधून शिकवलेलं जनावर दोर सुटला की विसरतं, असं त्याचं म्हणणं. तो रोज पहाटे मऊ मातीत, पोटभर चालवून शिकवतो. वर्ष-दीड वर्ष लागतं. इतकं सोसून केलेलं काम शामियान्यातल्या घोड्यापेक्षा मला कितीतरी मोलाचं वाटलं.

पण गिऱ्हाईक चाल बघत नाही. ते उंची बघतं, रंग बघतं, भोवरे तपासतं आणि नाचतो का विचारतं. लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्या घोड्याची सुपारी रोख मिळते. म्हणून शिंगरू हाती आलं की त्याला आधी ढोलावर पाय उचलायला शिकवतात. जागच्या जागी पाय आपटायची सवय लागली की रेवाल बसवणं फार जड जातं, हे या सवाराचं दुःख आहे. मुळात घोडेच आटताहेत. 2012 च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे-तट्टू होते, 2019 ला ते जेमतेम साडेतीन लाखांवर आले.

जत्रांच्या फेऱ्यातले हाल वेगळेच. ट्रकमध्ये तासन् तास उभं राहायचं, मुक्कामाला पाणी बदलतं, चारा बदलतो. घोड्याला ओकता येत नाही. पोट फुगलं की शूळ उठतो आणि नाकातून नळी घालणारा डॉक्टर वेळेत पोचला नाही तर रात्रीत जनावर जातं. ग्लँडर्सची धास्ती आणखी मोठी. त्यावर लस नाही, माणसालाही तो होतो आणि तपासणीत सापडलेला घोडा कायद्यानं मारावा लागतो. दूरदूरच्या राज्यांतली जनावरं शेजारी बांधायची तर प्रत्येकाचा रक्ततपासणीचा दाखला दारातच, काटेकोर बघायला हवा. एका जनावराच्या पायी सगळ्यांचा हंगाम बुडू शकतो. 2020 साली करोनानं तो बुडवून दाखवला; घोड्याची वैरण मात्र एक दिवसही थांबली नाही.

आणि सवार? घोडा पडला तर मालकाचं नुकसान मोजलं जातं. सवाराचा खांदा निखळला तर इलाज त्याच्या खिशातून. मी पाहिलेल्या फेऱ्यांत कोणाच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, फेटा होता. बक्षीस मालकाच्या हाती जातं. सवाराला काय द्यायचं ते त्यानं मनाला येईल तसं ठरवायचं. जत्रेवर एवढा खर्च होतो, त्यात रेवालीच्या सवारांचा अपघात विमा उतरवणं आणि मैदानाशेजारी दिवसरात्र पशुवैद्य बसवणं अवघड नाही. बक्षिसात सवाराचा हिस्सा ठरवून तो त्याच्याच हातात द्यावा, तेही मंचावर.

कुमैत घोडीचा मालक दुपारी माळेगावच्या ट्रकचं भाडं वाटून घ्यायला जोडीदार शोधत होता. भाडं जमलं नाही तर घोडी इथेच विकायची, असं त्याचं ठरलं होतं. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली होती. दोघांनीही विचारलं, नाचते का.