फोटो काढून आलो, तर फॉर्म कोरा

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची सोय झाली. नारायणगावच्या शिवारातला टोमॅटो किंवा द्राक्ष उत्पादक त्यासाठीच्या ‘ई-पीक पाहणी’ ॲपमध्ये गट क्रमांक निवडतो, पीक आणि क्षेत्र भरतो, रानात उभा राहून फोटो काढतो. माहिती आणि फोटो एकत्र मागणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये एक धोका असतो. फोटो काढून किंवा मध्येच व्यापाऱ्याचा फोन घेऊन परत यावं, तर फॉर्म कोरा. मग ‘मोबाईल हलका आहे’ किंवा ‘मागे फार ॲप उघडी राहिली’ असं म्हणून वापरणारा स्वतःलाच दोष देतो. माझ्या मते हा दोष बहुतेक वेळा ॲप लिहिणाऱ्याचा असतो.

मागे गेलेलं ॲप चालूच राहतं, हा पहिला गैरसमज. अँड्रॉइडवर स्क्रीन दिसेनाशी झाली की ॲपला आधी ऑनपॉज आणि मग ऑनस्टॉप असा निरोप मिळतो. त्यानंतर त्याची प्रोसेस मेमरीत बहुधा निपचित पडून असते. २०१५च्या अँड्रॉइड ६ मधल्या ‘डोझ’ या बॅटरी वाचवणाऱ्या सोयीने आणि २०१७च्या अँड्रॉइड ८ ने मागच्या कामांवर बंधनंही घातली. कॅमेऱ्यासारखं जड ॲप पुढे आलं आणि मेमरी अपुरी पडली, की सिस्टीम अशी पडून असलेली प्रोसेस न विचारता संपवते. ‘अलीकडील ॲप’मधलं कार्ड मात्र तसंच दिसत राहतं, कारण ती केवळ नोंद असते. म्हणून कार्डं सरकवत बसल्याने बॅटरी वाचत नाही. उलट ॲप पुन्हा मुळापासून उघडायला जास्त खर्च होतो. बॅटरीसाठी ॲप बंद करत बसण्याची गरज नाही, असं ॲपलच्या क्रेग फेडरिगी यांनीही २०१६ मध्ये आयफोनबाबत सांगितलं होतं. यावर कोणी म्हणेल की गाणी किंवा नकाशा मागे चालतातच. खरं आहे, पण ती सूचनापट्टीत दिसतात आणि तिथूनच थांबवता येतात. अडकून बसलेलं ॲप सरकवून बंद करणंही योग्यच.

ॲप लिहिणाऱ्यांचे गैरसमज अधिक महागात पडतात. ‘बंद होताना ऑनडिस्ट्रॉय या शेवटच्या निरोपात माहिती जतन करू’ हे गृहीतक मुळातच चुकीचं, कारण प्रोसेस मारली गेली तर तो निरोप येईलच असं नाही. मोबाईल आडवा केल्यावर स्क्रीन नव्याने बांधली जाते, म्हणून अनेकजण ती उभीच राहील अशी खिळवून टाकतात. त्याने दुखणं झाकलं जातं, इतकंच. भाषा बदलली, किंवा २०१६च्या अँड्रॉइड ७ पासून मिळणाऱ्या दुभंगलेल्या स्क्रीनमध्ये विंडोचा आकार बदलला, तरी ती पुन्हा बांधली जाऊ शकते. स्क्रीनची माहिती धरून ठेवणारं, २०१७ मध्ये आलेलं व्ह्यूमॉडेल या फेरबांधणीत टिकतं. प्रोसेस गेली की तेही जातं. आयपॅडवर तर २०१९ पासून एकाच ॲपच्या अनेक विंडो उघडता येतात आणि प्रत्येकीचं जीवनचक्र स्वतंत्र असतं. तिथे एक विंडो बंद झाली म्हणजे ॲप बंद झालं, असं समजून चालत नाही.

उपाय अवघड नाही. प्रत्येक रकाना भरताच तो मोबाईलमधल्याच छोट्या डेटाबेसमध्ये लिहावा, फोटो फाइलमध्ये ठेवावा, आणि स्क्रीन परत उभी करण्यासाठीच्या बंडलमध्ये फक्त गट क्रमांकासारख्या बारीक खुणा ठेवाव्यात. बंडलला साधारण १ एमबीची, तीही ॲपच्या इतर देवाणघेवाणीसोबत वाटून घ्यावी लागणारी मर्यादा असते. ‘आता सगळ्यांकडे ८ जीबीचे मोबाईल आहेत, एवढा खटाटोप कशाला?’ असा आक्षेप येतो. तो मला पटत नाही. बांधावरचा मोबाईल बहुधा जुना असतो, आणि मोठ्या मेमरीच्या मोबाईलवरही सिस्टीम प्रोसेस मारतेच, फक्त कमी वेळा. क्वचित घडणारा दोष कार्यालयातल्या चाचणीत सापडत नाही. तो थेट शेतकऱ्याच्या हातात पोचतो. तो आधीच पकडण्यासाठी अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ ही सोय आहे. ती चालू करावी, फॉर्म अर्धा भरावा, कॅमेरा उघडावा आणि परत यावं. भरलेलं क्षेत्र दिसलं नाही, तर ते ॲप अजून गावात वाटण्याजोगं झालेलं नाही.