दगडाला चव असते का? : रीसलिंगच्या निमित्ताने कार्यकारणविचार

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात वाइन कुठून आली, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. आयुष्यात वाइनचा थेंबही न घेतलेल्या माणसाला आजचा विषय तितकाच कळेल, कारण प्रश्न कार्यकारणभावाचा आहे. एखाद्या गोष्टीचं कारण अमुक आहे असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणत असतो? हा प्रश्न मला जर्मनीतल्या एका द्राक्षात जितका स्वच्छ दिसतो, तितका पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांत दिसत नाही.

त्या द्राक्षाचं नाव रीसलिंग. पांढरं द्राक्ष, थंड हवेतलं. त्याची पहिली लेखी नोंद १४३५ सालची आहे, ऱ्हाईनजवळच्या र्‍यूसेल्सहाईम गावातल्या एका हिशेबात. ऱ्हाईन आणि तिची उपनदी मोझेल या दोन नद्यांच्या काठांवर ते वाढलं. मोझेलच्या काठचे डोंगर स्लेटचे आहेत. स्लेट म्हणजे आपल्या शाळेतली पाटी ज्या दगडाची असायची तो. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ दाबला जाऊन त्याचे हे थर झाले. तिथल्या बागेत माती शोधावी लागते. पायाखाली सगळे पाटीचे तुकडेच. ब्रेम गावाजवळ काल्मोंट नावाचा उतार आहे, तो काही ठिकाणी ६० अंशांहून जास्त खडा आहे. तिथे ट्रॅक्टर चालत नाही, माणूस चालतो, तोही जपून.

आता दावा काय आहे ते बघा. जाणकार सांगतात की निळसर स्लेटवरच्या रीसलिंगला ओल्या दगडाचा गंध येतो, तांबड्या स्लेटवरची जास्त मसालेदार लागते, चुनखडीवरची भरदार. विनिंगन गावात ऊलेन नावाचा एकच डोंगरउतार आहे. स्लेटच्या तीन प्रकारांनुसार त्याचे तीन भाग पाडून युरोपीय संघानं त्यांना तीन स्वतंत्र भौगोलिक नावं दिली आहेत. म्हणजे हा दावा कायद्यातही शिरलेला आहे.

हे सगळं 'कोरड्या' रीसलिंगबद्दल का बोलतात? कोरडी म्हणजे जिच्यातली साखर जवळपास सगळी आंबून गेलेली आहे. जर्मन नियमानुसार लिटरला जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर, तीही आम्लता त्या मानानं पुरेशी असेल तर. साखर हा चवीवरचा पडदा असतो. तो काढला की आंबटपणा, किंचित कडवटपणा, खारटपणाचा भास, सगळं उघडं पडतं. त्यामुळे दगड जर कुठे बोलत असेल, तर तो इथेच ऐकू यायला हवा.

सामान्य समजूत अशी आहे: वेलीची मुळं दगडात शिरतात, दगडातली खनिजं शोषतात, ती द्राक्षात येतात, मग पेल्यात, मग जिभेवर. चित्र इतकं सुबक आहे की ते खरं असावंसं वाटतं. पण भूवैज्ञानिक काय म्हणतात? वेल्समधले भूवैज्ञानिक अ‍ॅलेक्स मॉल्टमन यांनी या विषयावर पुष्कळ लिहिलं आहे. २०१८ मध्ये त्यांचा एक ग्रंथही आला. त्यांचा मुद्दा साधा आहे. 'खनिज' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. दगडातलं खनिज म्हणजे क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक. ही स्फटिकं पाण्यात जवळपास विरघळतच नाहीत, आणि त्यांना चवही नसते. पाटी चाटून बघितलेल्यांनी आठवावं. वेल जे घेते ते पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम असे विरघळलेले क्षार, आणि त्यातले बरेचसे सेंद्रिय पदार्थांतून किंवा खतातूनही येतात. वाइनमध्ये अशा अजैव द्रव्यांचं प्रमाण लिटरला साधारण दोन-तीन ग्रॅम, त्यात मोठा वाटा पोटॅशियमचा. निळ्या स्लेटचं पोटॅशियम वेगळं आणि तांबड्याचं वेगळं असं काही नसतं.

मग ओल्या दगडाचा वास? इथे आपल्याकडची एक जुनी चर्चा आठवते. वैशेषिकांच्या मते गंध हा पृथ्वीचा विशेष गुण. त्यावर शंका आली, की दगड पार्थिव आहे, पण त्याला कुठे वास येतो? सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांच्या मुक्तावलीत याचं उत्तर आहे: दगडाला गंध आहेच, फक्त तो प्रकट नसतो; नाहीतर दगडाच्या भस्माला वास कुठून आला असता? उत्तर चतुर आहे, पण शंका त्याहून मोलाची आहे. कारण कोऱ्या, स्वच्छ दगडाला खरंच वास नसतो. पहिल्या पावसात जो वास येतो तो दगडावर, मातीवर बसलेल्या सेंद्रिय तेलांचा आणि सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या द्रव्यांचा. बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये त्याला 'पेट्रिकोर' हे नाव दिलं. आपल्या कनौजचे अत्तरवाले तर तोच वास भाजक्या मातीतून काढून कुपीत भरत आले आहेत.

मग जाणकारांचं बोलणं सगळं थोतांड? इथे घाई करू नका. डेव्हिड ह्यूमनं १७५७ च्या आपल्या अभिरुचीवरच्या निबंधात 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट घेतली आहे. सांचोचे दोन नातेवाईक पिंपातली वाइन चाखतात. एक म्हणतो, छान आहे, पण जरा चामड्याची चव येते. दुसरा म्हणतो, छान आहे, पण लोखंडाची येते. लोक हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी सापडते चामड्याचा पट्टा बांधलेली जुनी किल्ली. ह्यूमला यातून सांगायचं होतं की सूक्ष्म रसना असते आणि तिची परीक्षाही होऊ शकते.

आमच्या रीसलिंगच्या पिंपात मात्र किल्ली नाही. तळाशी स्लेट सापडत नाही. तरी वेगवेगळ्या उतारांच्या वाइनमध्ये फरक लागतो, आणि सवयीच्या जिभेला तो पुन्हा पुन्हा लागतो. किल्ली नाही आणि चव आहे, ही खरी अडचण आहे. ती सोडवायला आपल्याच न्यायशास्त्रातला एक भेद कामी येतो. घडा मातीचा होतो. माती हे त्याचं समवायी कारण, ती घड्यात राहते. कुंभाराची काठी आणि चाक ही निमित्त कारणं. ती घड्यात राहत नाहीत, पण त्यांच्याशिवाय घडा होत नाही आणि चाक वाकडं असेल तर घडाही वाकडा होतो. स्लेट हे रीसलिंगच्या चवीचं निमित्त कारण आहे. आपण ते समवायी समजतो, तिथे गल्लत होते.

आता ही काठी नेमकी कशी फिरते ते बघू. पहिलं, ऊब. मोझेल ५० अक्षांशाजवळ आहे, तिथे द्राक्ष पिकणं हेच एके काळी नवल होतं. गडद स्लेट दिवसा तापते आणि रात्री ऊब सोडते. म्हणून शेतकरी फुटक्या स्लेटचे तुकडे मुद्दाम बागेत पसरतात. दुसरं, पाणी. आपला नाशिकचा बागाईतदार 'ताण देणं' म्हणतो ना, तेच. दगडाळ जमिनीतून पाण्याचा निचरा होतो, वेलीला बेताचा ताण बसतो, पाला आवरतो, मणी लहान राहतात. बोर्डोमध्ये जेरार सेगँ आणि पुढे कोर्नेलिस व्हान लेउवेन यांनी दाखवलं की जमिनीचा प्रभाव मुख्यतः पाण्याच्या वाटेनं येतो. तिसरं, नत्र. गरीब जमिनीतल्या रसात यीस्टला पुरेल इतकं नत्र नसलं, तर आंबताना यीस्ट गंधकाची संयुगं जास्त सोडतं. काडी ओढल्यासारखा किंवा गारगोटीवर गारगोटी घासल्यासारखा जो वास येतो, त्यामागे अशीच गंधकयुक्त द्रव्यं असतात. म्हणजे गंमत बघा: 'दगडाचा' वास दगडातून येत नाही, दगडाळ जमिनीत जे कमी आहे त्यातून येतो! अभावही कारण होऊ शकतो का, यावर आपल्याकडे शतकानुशतकं वाद झाले. इथे त्याचं उदाहरण पेल्यात आहे. आणि चौथं, ऊन. जुन्या रीसलिंगला येणारा रॉकेलसारखा वास टीडीएन नावाच्या द्रव्याचा, आणि घडावर ऊन जास्त पडलं की ते वाढतं.

एक सावधगिरी. दगड कधीच एकटा बदलत नाही. ऑस्ट्रियातल्या वाखाऊ खोऱ्यात रीसलिंग नाइस खडकाच्या खड्या पायऱ्यांवर असते, तर खाली ओल धरणाऱ्या लोएस मातीत ग्रूनर फेल्टलिनर हे दुसरं द्राक्ष लावतात. दगड बदलला की उतार, उंची, ऊन, लावलेली जात, शेतकऱ्याचे हात, सगळंच बदलतं. त्यातून फरक कुठल्या एका गोष्टीनं पडला हे सांगणं अवघड होतं.

यात पणाला काय लागलंय? गेल्या तीसेक वर्षांत मोझेलचं द्राक्षक्षेत्र १२ हजार हेक्टरांहून ९ हजारांच्या खाली आलं. खड्या उतारावर मजुरी परवडत नाही. दगड ही नुसती जाहिरात असेल, तर ते उतार सोडून सपाटीवर यायला काय हरकत? पण दगड, उतार आणि ऊन मिळून जी परिस्थिती घडते ती सपाटीवर विकत मिळत नाही. म्हणून निमित्त कारण म्हणजे दुय्यम कारण, असं समजू नका. आणि आता हवामान तापतंय. जी स्लेट ऊब देते म्हणून वरदान होती, तीच उन्हाळ्यात घड भाजायला मदत करू लागली आहे. दगड तोच, आभाळ बदललं, चव बदलली. चव जर दगडातून वर चढत असती, तर असं झालं नसतं.

(श्रोत्यांच्या प्रश्नांतून)

प्रश्न : सर, जर्मनीत काळ्या दगडावरही रीसलिंग होते असं वाचलं. मग आपल्या सह्याद्रीच्या दगडावर तीच चव यायला हवी ना?

उत्तर : चांगला प्रश्न. फाल्ट्स भागात फोर्स्ट गावी पेखष्टाइन नावाची प्रसिद्ध बाग आहे, तिच्या जमिनीत बेसाल्ट आहे. आपलं दख्खनचं पठारही बेसाल्टचं, आणि नाशिककडे रीसलिंग लावलीही गेली आहे. पण नाशिक २० अक्षांशावर. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीनंतर हिवाळा संपता संपता द्राक्ष काढतात, तिकडे ते सबंध उन्हाळा वेलीवर राहून शरदात उतरतं. शिवाय खुंट वेगळा, पाणी वेगळं. एक कारण सारखं आणि बाकी सगळी वेगळी, तर कार्य सारखं कसं येईल?

प्रश्न : मग बाटलीवर 'निळी स्लेट' असं लिहितात, ते खोटं समजायचं का?

उत्तर : नाही. पत्ता म्हणून ते खरं आहे, घटक म्हणून खोटं. डब्यावर 'कोल्हापुरी' लिहिलेलं असतं तेव्हा आत कोल्हापूर शोधत नाही ना आपण? पण कोल्हापूर नसतं तर तो मसालाही तसा झाला नसता. एवढा फरक मनात ठेवला की लेबल बिनधास्त वाचा.