फ्रिज आला रे!

ऑफिसात असं कधीतरी होतंच. क्लायंटसमोर प्रेझेंटेशन आहे, सेल्सवाले ततपप करतायत आणि बॉस अचानक म्हणतो, ‘त्या अकाउंट्सच्या जाड्याला बोलवा.’ तो येतो, दोन वाक्यं बोलतो आणि डील फायनल! सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हा प्रकार जगजाहीर झाला तो २१ ऑक्टोबर १९८५ च्या सोमवारी रात्री. (हो, तोच हेल्मेटवाला खेळ, ज्यात पायाचा संबंध फारसा येत नाही.) शिकागो बेअर्स विरुद्ध ग्रीन बे पॅकर्स. बॉल गोल लाइनच्या अगदी तोंडाशी. आणि बेअर्सचा कोच माइक डिट्का मैदानात कोणाला पाठवतो, तर विल्यम पेरीला. वजन तीनशे पौंडांच्या वर, म्हणजे जवळजवळ १४० किलो. टोपणनाव ‘रेफ्रिजरेटर’!

यात एवढं काय विशेष? तर या खेळात बॉल घेऊन पळणारे अकरा वेगळे आणि त्यांना अडवणारे अकरा वेगळे. बॉल आपल्याकडे आला की अडवणाऱ्यांनी बाकावर बसून पाणी प्यायचं. पेरी हा अडवणारा, डिफेन्सिव्ह टॅकल. त्याचं काम समोरच्याला लोळवायचं. त्या रात्री त्याने आधी वॉल्टर पेटनसाठी दोनदा वाट मोकळी करून दिली आणि दोन्ही वेळा पेटनने टचडाऊन केला. मग एकदा बॉल पेरीच्याच हातात दिला आणि एक यार्डावरून हा चालताफिरता फ्रिज लाइनच्या पलीकडे! बेअर्स २३-७ ने जिंकले आणि पेरी रातोरात स्टार झाला.

डिट्काच्या डोक्यात हे आलं कुठून? खुन्नस, दुसरं काय! त्याच वर्षी जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सने बेअर्सना २३-० असं धुतलं होतं आणि त्यात कोच बिल वॉल्शने गाय मॅकिंटायर नावाच्या धिप्पाड गार्डला पळणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं होतं. डिट्काला ते झोंबलं. ऑक्टोबरमध्ये पुन्हा गाठ पडली, तेव्हा बेअर्स जिंकत असताना त्याने पेरीच्या हातात बॉल देऊन हिशोब चुकता केला. तुझा गार्ड, तर माझा फ्रिज!

पण ही नुसती मस्ती नाही बरं का, यामागे साधं गणित आहे. गोल लाइनजवळ मागे जागाच उरत नाही. लांब पास टाकायचा तर टाकणार कुठे? सगळी झुंबड दोन-तीन यार्डांत. तिथे वेगापेक्षा वजन भारी पडतं. शिवाय जाडजूड माणूस आत आला की समोरच्यांना वाटतं, आता हे घुसणार. ते सगळे मध्ये गोळा होतात. आणि नेमका तोच माणूस हळूच बाजूला सटकून पास झेलतो!

या दुसऱ्या युक्तीचा बादशहा म्हणजे माइक व्रेबेल. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा लाइनबॅकर, म्हणजे हाही अडवणाराच. कारकिर्दीत त्याने मोजून बारा पास झेलले आणि बाराच्या बारा टचडाऊन! त्यातले दोन तर फेब्रुवारी २००४ आणि फेब्रुवारी २००५ च्या सुपर बोलमध्ये. गंमत म्हणजे यात लपवाछपवी नसते. पन्नास नंबरची जर्सी घालून पास झेलायचा, तर आधी रेफरीला सांगावं लागतं आणि रेफरी ते जाहीर करतो. तरीही समोरचे फसायचे. पुढे २०१४ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सच्या जे. जे. वॉटनेही एका सीझनमध्ये असे तीन टचडाऊन झेलले.

मग सगळेच कोच रोज हे का करत नाहीत? कारण वॉटसारखा हिरा अशा एखाद्या फालतू यार्डापायी गुडघा मोडून बसला, तर मालकाला तोंड कसं दाखवायचं? आणि खरं सांगायचं तर दुसरीही एक किंमत असते, ती स्कोअरबोर्डवर दिसत नाही.

२६ जानेवारी १९८६. न्यू ऑर्लिन्स. सुपर बोल. बेअर्स पेट्रियट्सना अक्षरशः चिरडत होते. वॉल्टर पेटन १९७५ पासून या टीमसाठी हाडं झिजवत होता. टीमच्या पडत्या काळात त्यानेच ती ओढली होती. बॉल घेऊन सर्वांत जास्त यार्ड पळण्याचा विक्रम तेव्हा त्याच्याच नावावर होता. आणि हा त्याचा पहिला सुपर बोल. तिसऱ्या क्वार्टरमध्ये बॉल एक यार्डावर. अख्ख्या अमेरिकेला वाटलं, आता पेटन. डिट्काने बॉल दिला पेरीला. टचडाऊन, ४४-३. स्टेडियम खूश, टीव्हीवाले खूश.

मॅच ४६-१० ने संपली. पेटन त्या दिवशी २२ वेळा बॉल घेऊन पळाला, पण टचडाऊन एकही नाही. दुसरा सुपर बोल त्याच्या नशिबी आलाच नाही. १९८७ च्या सीझननंतर तो निवृत्त झाला आणि १९९९ मध्ये, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी गेला. पेरीचा यात काय दोष? त्याला बोलावलं, तो गेला. डिट्काने मात्र नंतर अनेकदा कबूल केलं, की त्या दिवशी पेटनला टचडाऊन मिळवून द्यायचं आपल्या लक्षातच आलं नाही आणि ती खंत अजून जात नाही.