शेंड्याचा काटा होतो तेव्हा

करवंदीची एखादी फांदी जपून हातात धरा आणि तिच्या अगदी टोकाकडे बघा. वाढत्या झाडाच्या फांदीला कोवळा शेंडा असायला हवा. इथे मात्र काट्यांची टोकदार जोडी दिसते. हा काटा गुलाबाच्या काट्यासारखा सालीवर आलेला नाही, म्हणून तो अंगठ्याने दाबून निखळतही नाही. शेंड्याच्या कोंबाचंच रूपांतर काट्यात झालेलं असतं. हे झाड आपली वाढती टोकं स्वतःच बंद करतं आणि त्यांना धार लावतं!

मग वाढ होते कुठून? करवंदीची पानं समोरासमोर, जोडीजोडीने येतात. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. टोक बंद झालं की खालचे दोन डोळे फुटतात आणि एका फांदीच्या दोन होतात. पुढे त्यांचीही टोकं काटे होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. असं दहा वेळा झालं तर हिशोब हजाराच्या पुढे जातो. प्रत्यक्षात सगळेच डोळे फुटत नाहीत, सावलीतल्या काड्या वाळतातही. तरीही काही वर्षांत अशी जाळी विणली जाते की शेळीचं तोंडसुद्धा आत शिरत नाही. करवंदीची निगा राखायची तर तिची ही रीत आधी ओळखायला हवी, कारण कुंपणाच्या बहुतेक तक्रारी तिथेच उलगडतात.

वडगाव मावळहून पश्चिमेकडे निघालं की या जाळ्या भेटू लागतात. लोहगड-विसापूरच्या उतारांवर, भाजे-बेडशाच्या लेण्यांकडे चढणाऱ्या वाटांवर, नाणे मावळातल्या खाचरांच्या वरच्या मुरमाड माळावर. लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो आणि मग कित्येक महिने थेंब नाही. या दोन्ही टोकांत करवंदीचं जाड, चिवट पान हिरवंच राहतं. मे महिन्यात गवत वाळून कोळ झालेलं असताना तिच्यावर काळीभोर फळं लगडतात. ठाकर-कातकरी बायका ती पळसाच्या पानांच्या द्रोणांत भरून रस्त्याकडेला विकायला बसतात, ‘डोंगरची काळी मैना’. फळ फोडून आत लाल निघालं तर कोंबडा, नाहीतर कोंबडी, हा खेळ तर मावळात कुणाला शिकवावा लागत नाही.

या झुडपाची ताकद एकदा फार मोठ्या प्रमाणावर जोखली गेली, आणि तीही एका अन्यायासाठी. मिठावरचा कर चुकवला जाऊ नये म्हणून इंग्रज सरकारने देशाच्या मधोमध जकातीची सीमा आखली होती. तिच्यावर शेकडो मैल काटेरी कुंपण होतं. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम १८६७ पासून काही वर्षं या जकात खात्याचे प्रमुख होते. सुक्या काट्यांच्या कुंपणाचा हिशोब त्यांनी मांडला: मैलाला सुमारे अडीचशे टन काटेरी झाडोरा लागतो, आणि वाळवी, उंदीर, आग, वादळ यांच्यामुळे दर वर्षी जवळजवळ निम्मा बदलावा लागतो. म्हणून जिवंत कुंपणावर भर दिला गेला. जिथली जशी माती तशी बोर, बाभूळ, निवडुंगासारखी झाडं लावली, त्यांत करवंदीही होती. ही सीमा १८७९ मध्ये मोडीत निघाली. जिवंत झुडूप आपली मोडतोड स्वतः भरून काढतं, हा त्यातला धडा मात्र आजच्या शेताच्या बांधालाही लागू आहे.

आता निगेकडे. बंगल्यांच्या कुंपणाबद्दल नेहमी ऐकू येणारी तक्रार अशी: काटे भरपूर, करवंद एकही नाही. पहिला संशय कात्रीवर घ्यावा. जाईसारखी पांढरी, सुवासिक फुलं हिवाळा सरताना फांद्यांच्या टोकांकडे येतात. दिवाळीनंतर कुंपण गुळगुळीत कापलं की येणारी फुलं कात्रीतच जातात. छाटणी करायची ती फळं उतरल्यावर, पावसाची झड लागण्याआधी. दुसरा संशय सावलीवर, तिसरा युरियावर. मुरमात वाढणाऱ्या या झाडाला भरमसाट नत्र दिलं की नुसता पाला माजतो.

कुंपण खालून उघडं पडणं हीदेखील जुनीच अडचण. वरचा भाग रुंद होतो, खालच्या काड्यांना ऊन मिळत नाही, त्या वाळतात. म्हणून तळ रुंद आणि माथा अरुंद ठेवावा. फारच उघडं पडलं असेल तर जुन्या खोडांपैकी तिसरा हिस्सा दर वर्षी हातभर उंचीवर कापावा. बुंध्यातून नवे धुमारे येतात. कापलेल्या जागेतून पांढरा चीक वाहतो. कण्हेर, तगर, सदाफुली यांच्याच कुळातली ही, त्यामुळे ते साहजिक आहे. कुळाचा फरक रोगांतही दिसतो. थंड देशांत कुंपणाला फायरथॉर्न नावाचं काटेरी झुडूप लावतात. ते गुलाबाच्या कुळातलं, म्हणून त्याला फांद्या जाळून टाकणारा जिवाणूजन्य रोग होतो. करवंदीला त्याची भीती नाही.

तिचा खरा शत्रू साचलेलं पाणी. श्रावणात पानं पिवळी पडू लागली तर खताची पिशवी उघडण्याआधी बुंध्याशी चर काढा. सततच्या ओलीत पानांवर काळपट ठिपके येतात आणि काड्या टोकाकडून वाळत जातात. हा बुरशीचा करपा. हिरवं लाकूड लागेपर्यंत वाळका भाग कापून जाळावा. फळं उतरल्यावर, पावसाआधी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावं: शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, प्लास्टिकच्या पिंपात, लोखंडी भांड्यात नको. पिवळी अमरवेल चढली असेल तर ती गुंडाळलेल्या काड्यांसकट काढावी, कारण राहिलेल्या तुकड्यातून ती पुन्हा पसरते. पानं अचानक कुरतडलेली दिसली तर बोटाएवढी हिरवी अळी शोधा. तिच्या पुढच्या भागावर डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके असतात. कण्हेरीवर येणाऱ्या देखण्या पतंगाची ही अळी. औषध मारण्याइतकं नुकसान ती क्वचितच करते. मी तरी तिला खाऊ देईन. जाळीत हात घालण्याआधी मात्र काठीने हलवून घ्यावं. पावसाळ्यात हिरवा चापडा साप पानांत अजिबात ओळखू येत नाही.

वणव्यात होरपळलेली करवंदी मेली समजून कुणी उपटू नये. वरचं सगळं काळं पडलं तरी बुंधा जिवंत असेल तर पावसात ती पुन्हा फुटते.

नवं कुंपण करायचं तर मे महिन्यातली पिकलेली करवंदं खाऊन बिया धुवाव्यात आणि लगेच पिशव्यांत पेराव्यात. साठवल्या की त्यांची उगवण झपाट्याने घटते. छाटकलमं सहज मुळं धरत नाहीत. रोपं पुढच्या वर्षीच्या मृगात हात-दोन हातांवर लावावीत आणि वीतभर झाली की शेंडा खुडावा, म्हणजे फुटवे खालपासूनच सुरू होतील. पुढचं विणकाम तिच्यावर सोपवून पहिली दोन वर्षं तेवढी गुरं लांब ठेवा, कारण कोवळ्या रोपाचा काटा अजून मऊ असतो.