स्टेशन नसलेला रेडिओ



सिंगापूरची एफएम स्टेशनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लावून बघा. इंग्रजी, चिनी, मलय, तमिळ अशा चारही राजभाषा ऐकू येतील. गाणी, बातम्या, ट्रॅफिक, शेअर बाजार सगळं मिळेल. धर्मप्रसार मात्र मिळणार नाही, कारण इथल्या प्रसारणाच्या नियमांत त्याला जागा नाही. १९९० साली धार्मिक सलोख्याचा कायदा करणाऱ्या देशाचं हे धोरण समजण्यासारखं आहे. आता गंमत बघा. २०२०च्या जनगणनेनुसार इथले १५ वर्षांवरचे सुमारे १९ टक्के रहिवासी ख्रिस्ती आहेत. चर्चमध्ये तरुणांची गर्दी असते, आणि तरीही त्यांच्यासाठी एफएमवर एकही स्टेशन नाही. मग ही मुलं ऐकतात काय आणि कुठे?

याचं उत्तर आपल्यालाही उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून हा लेख.

आधी थोडा इतिहास. आशियात ख्रिस्ती रेडिओ वाढला तो शॉर्टवेव्हवर. फार ईस्ट ब्रॉडकास्टिंग कंपनीचं पहिलं प्रसारण मनिलाहून जून १९४८ मध्ये झालं. ट्रान्स वर्ल्ड रेडिओ १९५४ मध्ये मोरोक्कोतल्या टँजिअरला सुरू झाला आणि १९७७ मध्ये त्याचं एक केंद्र ग्वाम बेटावर आलं. कॅथलिकांचा रेडिओ वेरितास आशिया एप्रिल १९६९ मध्ये फिलिपिन्समधून सुरू झाला. पुढे त्यावर तमिळ, तेलुगू, हिंदी, बंगाली, उर्दू, बर्मी, काचिन, कारेन अशा कितीतरी भाषा आल्या.

यामागचं तंत्र इंजिनियर मंडळींना माहीतच असेल. शॉर्टवेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरात, आयनोस्फिअरमध्ये, वळून पुन्हा जमिनीकडे येतात. त्यामुळे फिलिपिन्समधला एक ट्रान्समीटर थेट भारतात ऐकू येतो. ऐकणारा एक असो की दहा लाख, विजेचं बिल तेवढंच! आवाज मध्येच बुडायचा, खरखर यायची, दिवसाची आणि रात्रीची फ्रिक्वेन्सी वेगळी असायची. पण लोक ऐकायचे आणि पत्रं लिहायचे. अमुक दिवशी अमुक वाजता तुमचा कार्यक्रम असा ऐकू आला, असं कळवलं की स्टेशनकडून छापील कार्ड यायचं. ही पत्रं हाच स्टेशनला आपलं कोणी ऐकतंय याचा पुरावा होता.

मग एफएम आलं, टीव्ही आला, आणि शेवटी मोबाइल आला. सिंगापूरचा स्वतःचा परदेशी श्रोत्यांसाठीचा रेडिओ सिंगापूर इंटरनॅशनल जुलै २००८ मध्ये बंद झाला. रेडिओ वेरितास आशियाने ३० जून २०१८ रोजी शॉर्टवेव्ह थांबवलं आणि सगळा कारभार इंटरनेटवर नेला. धर्माशी संबंध नसलेल्या स्टेशनांवरही हीच वेळ आली. स्थानिक बँडना जागा देणारं इथलं तरुणांचं लश ९९.५ सप्टेंबर २०१७ मध्ये एफएमवरून गेलं. स्पॉटिफाय सिंगापुरात २०१३ सालीच आलेलं होतं. गाण्यासाठी कोणाची वाट बघायची सवय तोवर सुटली होती.

इथले ख्रिस्ती तरुण आज ऐकतात ते फोनवर: चर्चची प्रवचनं, भक्तिगीतं, पॉडकास्ट. ‘थर्स्ट’सारखं इथलं संकेतस्थळ खास तरुणांसाठी लेख, चित्रफिती आणि पॉडकास्ट बनवतं. विषय बघाल तर परीक्षेचा ताण, नैराश्य, नोकरी, प्रेमभंग! प्रवचन त्यात असतं, पण ते तरुणांच्या प्रश्नामागून येतं. जुन्या रेडिओवर क्रम बहुधा उलटा असायचा.

हे आपल्याला नवीन वाटायचं कारण नाही. फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आले. त्यांनी बघितलं की इथल्या लोकांना पुराण ऐकायची सवय आहे. त्यांनी सुमारे ११ हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं आणि ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत! वाचून दाखवणाऱ्याच्या सोयीची लिपी आणि ऐकणाऱ्याच्या कानाला ओळखीचा छंद. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन हाताशी धरलं, ते याच कारणाने.

उलटं उदाहरणही आपल्याच माणसाचं आहे. बाळकृष्ण केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत हटलं. हेतू चांगला होता, लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकावं. लोकांनी काय केलं? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला आणि अमीन सयानींची बिनाका गीतमाला ऐकली! शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. पाच वर्षांत सवय कोणाची बदलली, ते सांगायला नको.

अर्थात या बदलात तोटाही आहे. शॉर्टवेव्ह कोण ऐकतंय ते सरकारला कळत नसे. लॉगिन नाही, पासवर्ड नाही. ॲप वापरलं की माग राहतो, आणि तुमच्यापुढे काय यायचं ते कंपनीचा प्रोग्रॅम ठरवतो. इंटरनेट एका आदेशाने बंदही होतं. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर ते झालं. युक्रेनवर २०२२ मध्ये हल्ला झाला तेव्हा बीबीसीने तिथल्यासाठी पुन्हा शॉर्टवेव्ह सुरू केलं होतं. ख्रिस्ती स्टेशनांचे अनेक श्रोते अशाच अडचणीच्या मुलखात राहतात. त्यामुळे ट्रान्समीटर मोडीत काढायचा निर्णय त्यांच्यासाठी फक्त खर्चाचा नव्हता.

दुसरा तोटा आपल्या घरातला आहे. रेडिओ स्वयंपाकघरात चालू असायचा आणि आपण न ठरवता ऐकायचो. नाट्यगीतं, कीर्तन, शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम, सगळं कानावर पडायचं. मराठीचे कितीतरी शब्द आपल्याकडे असेच आले. आपल्या मुलांच्या कानात इअरफोन असतो. तिथे मराठी आपोआप पडत नाही, कोणीतरी मुद्दाम निवडावी लागते. आणि जे कधी ऐकलंच नाही, ते मूल निवडणार कसं?

आपण मात्र अजून केसकरांच्या वाटेने जातो. गणेशोत्सवात तीन तासांचा कार्यक्रम ठेवतो, मुलं मागच्या रांगेत फोन बघत बसतात आणि आपण म्हणतो, ‘यांना मराठीची आवडच नाही.’ यांनी काय ऐकावं ते आपण ठरवलं. केव्हा आणि किती वेळ ऐकावं, तेही आपणच.

मला सुचतं ते असं. इथल्या १५ ते २० वर्षांच्या चार-पाच मुलांना माइक द्यावा आणि महिन्याला १५ मिनिटांचा कार्यक्रम करू द्यावा. विषय त्यांचे: नॅशनल सर्व्हिस, ज्युनियर कॉलेज, आजीशी फोनवर काय बोलायचं. भाषा मिसळलेली असेल, क्रियापदं चुकतील, चालू द्या. आपण फक्त ऐकायचं आणि जुन्या श्रोत्यांसारखं कळवायचं, की तुमचा आवाज इथे पोचला. व्याकरण दुरुस्त करून पाठवायचं नाही!

बघा पटतंय का.