हीटरशिवाय हिवाळी पालक

निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला की आम्ही द्राक्षवाले रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतो. त्यामुळे लेकीकडे, अमेरिकेतल्या मेन राज्यात गेलो असताना गुडघाभर बर्फात एक शेतकरीणबाई पालक काढून विकतात म्हटल्यावर मी आधी हीटरचं बिल विचारलं. हीटर नव्हताच.

लोखंडी पाइपांच्या कमानी, त्यावर प्लास्टिक असा टनेल, आत जमिनीतच वाफे. आणि वाफ्यांवर तारांच्या आधाराने फूटभर उंच ताणलेलं पांढरं क्रॉप कव्हर. आपल्याकडे कलिंगडावर घालतात तसलंच. हे दुहेरी पांघरूण मेनमधल्याच हार्बरसाइड गावच्या शेतकरी एलियट कोलमन यांनी गाजवलं. बाहेर उणे 26 अंश असताना कव्हरखाली उणे 10 ते उणे 8 राहतं, असा त्यांचा अनुभव. मातीतली ऊब रात्री वर येते, ती कव्हर धरून ठेवतं.

सकाळी बाईंनी कव्हर उचललं. पालक गोठून काचेसारखा झालेला, जमिनीला टेकलेला. आपल्याकडे असं पीक कोणीही पंचनाम्याला दाखवेल. ऊन चढल्यावर तीच पानं ताठ उभी राहिली, मग सुरी लागली. गोठलेलं पान कापलं तर त्याचा लगदा होतो. थंडीशी झुंजताना पालक नि गाजर अंगात साखर वाढवतात, म्हणून तिथली हिवाळी गाजरं गोड.

खरी मेख उजेडात आहे. दिवस दहा तासांहून लहान झाला की वाढ जवळजवळ थांबते. कोलमन यांच्याकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत हीच गत. म्हणून पेरणी ऑगस्ट-सप्टेंबरात उरकायची, नोव्हेंबरआधी पीक बहुतेक तयार हवं. पुढे टनेल म्हणजे नुसतं कोठार. गिऱ्हाईक येईल तसं काढायचं.

नफा इथेच. इंधन शून्य, तण-कीड नावापुरती, आणि बाजारातला बाकीचा पाला ट्रकने पार पश्चिम किनाऱ्याकडून आलेला, त्यामुळे ताज्याला भाव मिळतो. प्लास्टिकवरचं बर्फ ढकलायची मेहनत तेवढी चुकत नाही. 2009 च्या अखेरीस अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा टनेलांसाठी अर्थसाहाय्याची योजनाही काढली.

गावी परतल्यावर दोघा-तिघांनी असाच टनेल टाकायचं काढलं. पण आपल्याकडे डिसेंबरातला लहानात लहान दिवसही जवळपास अकरा तासांचा असतो. वाढ उजेडाअभावी अडत नाही, आणि हिवाळ्यात पालक उघड्यावरही येतो, त्याला चढा भाव कोण देणार? आपल्याकडे प्लास्टिकचे पैसे सुटले तर पावसाळ्यात, उघड्यावर पाला टिकत नाही तेव्हा सुटतील. कोटेशन मागवण्याआधी तो हिशेब मांडा.